बांधल्यासारखं दिसलं पाहिजे

नाटकात पगडी बांधत नाहीत, घालतात. दोन प्रवेशांच्या मध्ये नटाच्या हाती जेमतेम मिनिटभर असतं. तेवढ्यात सहा-आठ मीटरचा फेटा बांधून होत नाही. झालाच तर दर प्रयोगाला वेगळा बसतो आणि शेवटच्या अंकातल्या तलवारबाजीत सुटून खांद्यावर येतो. म्हणून वेशभूषेवाला फेटा एकदाच बांधतो, आतून टाके घालून पक्का करतो आणि पुढे तो टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवला जातो. प्रेक्षकाला मात्र हा सरदार नुकताच आरशासमोरून उठून आलाय असंच वाटायला हवं.

पुण्यात तयार पगडी दुकानातून उचलता येते. रायपुरात मराठी नाटक बसवायचं तर हे काम बहुधा गावातच करून घ्यावं लागतं. इथली मराठी वस्ती कालपरवाची नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरला, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहू लागले, १८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं रायपूरला आणलं आणि १८५४ साली नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं, माणसं राहिली. तात्यापाऱ्यातली जुनी घरं, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव, शिवजयंती, हौशी नाटकं हा सगळा त्याच मुळाचा विस्तार. शिवजयंतीला मावळे लागतात, संगीत नाटकाला पेशवाई लागते आणि एखाद्या तरुण दिग्दर्शकानं शेक्सपिअर काढायचं ठरवलं की ‘हॅम्लेट’मधल्या एल्सिनोरच्या दरबारातल्या पंधरा डोक्यांचं काय करायचं, हा प्रश्न शिंप्यापुढे येऊन पडतो. अंगरख्याची चूक दहाव्या रांगेतून दिसत नाही. डोक्यावरची दिसते, कारण सगळ्यांची नजर नटाच्या चेहऱ्यावर खिळलेली असते आणि टोपी तिथून चार बोटांवर असते.

बांधायचं वस्त्र शिवून टाकायची युक्ती रंगभूमीची वाटते, पण ती रंगभूमीच्याही आधीची आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयकनं काढलेलं एका माणसाचं चित्र आहे. चौकटीवर २१ ऑक्टोबर १४३३ अशी तारीख आहे. काळ्या पार्श्वभूमीवर एक करडा चेहरा आणि डोक्यावर लालभडक कापडाचा गुंता. लोक त्याला लाल पागोटेवाला म्हणूनच ओळखतात. प्रत्यक्षात ते पागोटं नाही. युरोपात आधी डोकं, मान आणि खांदे झाकणारी एक टोपडीवजा खोळ होती. मागे तिला लांब शेपूट असायचं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फॅशनबाज तरुणांनी ही खोळ उलटी घालायला सुरुवात केली. चेहऱ्यासाठी ठेवलेलं भोक थेट टाळूवर बसवायचं, खांद्यावरचा झालर भाग एका बाजूला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लोंबू द्यायचा आणि शेपटानं सगळं गुंडाळून बांधायचं. पन्नास-एक वर्षांत शिंप्यांनी हा गुंडाळा कायमचा शिवून टाकला. आत कापूस-लोकर भरलेलं किंवा वेताचं जाड कडं, त्याच्या एका अंगाला चुणीदार झालर, दुसऱ्या अंगाला लोंबतं शेपूट. दारातून बाहेर पडताना उचलायचं आणि डोक्यावर ठेवायचं. शॅपरॉन म्हणतात ते हेच.

फ्लॉरेन्समध्ये त्या आतल्या कड्याला माझ्झोक्यो म्हणत. पाओलो उच्चेल्लो नावाच्या चित्रकाराला या कड्यानं अक्षरशः वेड लावलं होतं. त्याचे शेकडो चौकोनी पैलू पाडून तो यथार्थदर्शनाचा अभ्यास करत बसे. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या त्याच्या जलप्रलयाच्या भित्तिचित्रात एका माणसाच्या गळ्यात असं काळ्यापांढऱ्या चौकटींचं कडं अडकलेलं दिसतं. जग बुडतंय आणि चित्रकाराचा जीव टोपीत. पण शिवणाऱ्याला उच्चेल्लोचा मोठा उपयोग होतो: शॅपरॉनच्या पोटात एक पक्का, गोल, पोकळ सांगाडा असतो, बाहेरचं कापड कितीही सैल दिसो, हे त्याच्या रेखाटनांवरून कळतं. आज तो सांगाडा करायला वेत शोधत हिंडायची गरज नाही. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याच्या नळीवर चढवायची काळी फोमची नळी मिळते. डोक्याच्या घेराएवढी कापून टोकं चिकटवली की वजन नगण्य आणि गोलाई अचूक.

आपल्याकडच्या पगडीचा प्रवास असाच झाला. सतराव्या शतकातली पागोटी ज्याची त्यानं बांधलेली. शिवाजी महाराजांच्या हयातीच्या सर्वांत जवळची जी चित्रं आहेत, ती गोवळकोंडा शैलीतली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं विट्सेन संग्रहातलं चित्र साधारण १६८६ चं. त्यात महाराजांच्या डोक्यावर कॅलेंडरवरचा ताठ, टोकदार जिरेटोप नाही. डोक्यालगत बसलेलं, मागच्या बाजूला झुकणारं बांधीव पागोटं आहे, त्यावर पट्टा आणि तुरा. शंभर वर्षं पुढे या. १७९० नंतर जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं काढत होता. तोवर पगडीला स्वतःचा साचेबंद आकार आलेला आहे. तलम कापडाची लांबच लांब पट्टी, खळ, लाकडी कालबूत म्हणजे डोक्याच्या आकाराचा साचा, आणि पगडबंदाचा हात असा हा मामला होता. गिऱ्हाईकाच्या डोक्याचं माप घेऊन पगडबंद कालबुतावर पगडी बांधून द्यायचा, जागोजाग टाके टाकून ती पक्की करायचा आणि मालक ती खुंटीवरून काढून डोक्यावर ठेवायचा. घरोघरच्या पगडीत फरक. शिंदेशाही नावेसारखी निमुळती, होळकरशाही निराळी, ब्राह्मणी चक्री पगडी आणखी वेगळी. न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्या डोक्यावरची ती चक्री, जिला पुणेरी पगडी म्हणून २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मला स्वतःला असं वाटतं की पगडीचा आणि शॅपरॉनचा शेवटही एकाच कारणानं झाला. बांधता येणारी वस्तू एकदा शिवून ताठ झाली की ती डोक्याबरोबर हलत नाही, प्रवासात चेपते, पावसात बिघडते; मग तिची जागा सोपी शिवलेली टोपी घेते. युरोपात शॅपरॉनच्या जागी सपाट टोपी आली. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळी टोपी आली आणि १९२० नंतर गांधी टोपी. काका कालेलकरांनी आपल्या आठवणींत गांधीजींनी सांगितलेली या टोपीची कुळकथा नोंदवून ठेवली आहे. देशभरातल्या टोप्या त्यांनी पारखल्या, काश्मिरी टोपीचा आकार पसंत केला, लोकरीऐवजी खादी घेतली, आणि रंग पांढरा, कारण त्यावर घाम आणि मळ दिसतो आणि दिसला की धुतला जातो. शिंप्याच्या दृष्टीनं ती एक अप्रतिम वस्तू आहे. घडी घालून खिशात जाते, पगडी जात नाही.

आता प्रत्यक्ष काम.

माप घेताना फीत कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वरून, मागे कवटीच्या फुगीर भागावरून फिरवायची. प्रौढ पुरुषाचं माप बहुतेक वेळा ५५ ते ५९ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. नट विग घालणार असेल तर विग चढवूनच माप घ्यावं आणि वर अस्तरासाठी दीड-दोन सेंटिमीटर धरावेत. लाकडी कालबूत नसलं तर योग्य घेराचं तपेलं उपडं घालून भागतं. ब्यूटी पार्लरच्या सामानात मिळणारं थर्माकोलचं डोकं त्याहून बरं, कारण त्यात टाचण्या खुपसता येतात.

सगळ्यात आधी शिवायची ती आतली, न दिसणारी टोपी. जाड सुती कॅनव्हास आणि बकरम असे दोन थर, आणि दोन्ही उरेब, म्हणजे तिरके कापलेले. उरेब कापड गोलाईवर स्वतःहून वळतं. सरळ कापलं तर जिथे तिथे मोडी पडतात आणि त्या मोडी बाहेरून जाणवतात. या टोपीवर पगडीच्या कापडाची पट्टी गुंडाळत जायचं. पट्टीची घडी बोटाएवढी, वरची कड दुमडलेली. टाका घालायचा तो खालच्या, उघड्या कडेला, म्हणजे पुढचा फेरा आला की दोरा त्याच्याखाली लपतो. छपरावर कौलं चढवताना जसा खालच्या कौलाचा सांधा वरच्यानं झाकला जातो, तसंच. दोरा सुती, मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतलेला, नाहीतर कॅनव्हास त्याला कुरतडतो. शेवटचं टोक माथ्यात खुपसायचं किंवा शेमला म्हणून मागे सोडायचं.

नवशिक्या इथेच फसतो. त्याची प्रत्येक घडी सारखी येते, प्रत्येक फेरा समांतर, आणि पगडी तयार होते ती बेकरीच्या खोक्यातून काढल्यासारखी. हातानं बांधलेल्या फेट्यात एकही घडी दुसरीसारखी नसते. कापड कपाळावर ताणलेलं असतं, कानामागे सैल पडतं, उजव्या हाताचा माणूस बांधतो तेव्हा वळ एका बाजूला अधिक घट्ट बसतो. म्हणून ज्याला फेटा खरोखर बांधता येतो अशा माणसाला बोलवावं. लग्नसराईत फेटे बांधणारे रायपुरातही सापडतात. तो फेटा त्या नटाच्याच डोक्यावर बांधून घ्यावा, चारी बाजूंनी फोटो काढावेत, मग तो न सोडता अलगद उचलून आतल्या टोपीवर बसवावा आणि कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावा. पक्के टाके नंतर. ज्या वळ्या आपोआप पडल्या त्या सरळ करायचा मोह आवरणं, यात कारागिराचा अर्धा संयम खर्च होतो.

चक्री पगडीला मात्र ही मोकळीक नाही. तिचा घेरा, माथा आणि कपाळावरचं टोक हे वेगवेगळे बांधलेले भाग असतात आणि तिथे नेमकेपणच खरेपण. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली पुण्याच्या ब्राह्मणांची रांग आठवा. त्या रांगेत एकाची पगडी जरी वाकडी असती, तरी भिंतीसारखी उभी राहणारी ती रांग मोडली असती.

आणि युरोपातली डोकी? मराठी रंगभूमीनं पहिल्यांदा हा प्रश्न टाळला. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. ऑथेल्लोचं ते मराठीकरण, तेव्हा पागोटंच आलं आणि ते बरोबरच होतं. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं तेही असंच देशी नावांनी. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये मॅकबेथचा ‘राजमुकुट’ केला. रायपूरच्या मातीतले हबीब तन्वीर लंडनला जाऊन नाट्यशिक्षण घेऊन आले, पण १९९३ मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरून ‘कामदेव का अपना बसंत ऋतु का सपना’ केलं तेव्हा ते छत्तीसगडी नटांसाठी. त्यांना रेनेसाँ टोप्यांची गरज नव्हती. नाना जोगांनी अनुवादलेला ‘हॅम्लेट’ २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी भव्य रूपात आणला, आणि आता हौशी संस्थांनाही युरोपच दाखवायचा असतो.

अशा वेळी घाबरून भाड्याच्या दुकानातली पिसं लावलेली मखमली टोपी आणण्याआधी घरातल्या आजीला हाक मारावी. सोळाव्या शतकातल्या युरोपीय स्त्रीच्या डोक्यावर, भिकारणीपासून राणीपर्यंत, सगळ्यात आत एक पांढरी लिननची टोपी असे. ती आहे आपल्या बाळाचं टोपडं. साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद आणि २० ते २५ सेंटिमीटर उंच असा एकच तुकडा. मधोमध दुमडायचा, वरची शिवण पुढून मागे अर्ध्यापर्यंत घालायची, उरलेला भाग बारीक चुण्यांनी गोळा करून माथ्यावर रुपयाएवढ्या गोलात आवळायचा. खालच्या कडेला नेफा, त्यात नाडी. ती मानेवर ओढून डोक्याभोवती गुंडाळली की टोपडं हलत नाही. गालावरची कड किंचित वक्र कापली की झालं. कुंची शिवणाऱ्या बायकांना हा कापच पाठ असतो, फक्त माप मोठं. इंग्लंडमध्ये अशा टोपड्यांवर काळ्या रेशमानं वेलबुट्टी काढत. १६०० च्या आसपासचे काही नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

हे टोपडं फक्त शोभेचं नाही, त्यावर सगळं टिकतं. बाहेरची मखमल किंवा रेशीम धुता येत नसे. केसांचं तेल आणि घाम आतलं लिनन शोषून घेई आणि ते वरचेवर धुतलं जाई. शिवाय बाहेरचा टोप टाचण्यांनी याच टोपड्याला अडकवत. इंग्रजी सिनेमांत राण्यांच्या डोक्यावर कपाळाच्या वर उभा राहिलेला अर्धचंद्राकृती ‘फ्रेंच हूड’ दिसतो, जणू केसांचा हेअरबँडच. जेन माल्कम-डेव्हिस आणि निन्या मिखाइला यांच्या ‘द ट्यूडर टेलर’ (२००६) या पुस्तकातल्या पुनर्रचनांमध्ये तो डोक्याला चिकटून बसलेल्या थरांचा बनतो: टोपडं, कपाळपट्टी, मग हूड, मग मागे पडणारा काळा पडदा. जॅनेट आर्नल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ मालेचा चौथा खंड त्यांच्या पश्चात २००८ मध्ये आला. मूळ वस्तू उलगडून काढलेली टोपड्यांची मापं त्यात आहेत. नाटकाच्या वेशभूषेवर पैसे खर्च करायचे असतील तर एक झगा कमी शिवावा आणि हे पुस्तक घ्यावं.

पुरुषांची सपाट टोपी आणखी सोपी. माथ्यासाठी ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची कड चुण्या घालून डोक्याच्या मापाच्या पट्टीत बसवायची, खाली अडीच-तीन बोटांची गोल कड. मूळ टोप्या विणलेल्या असत. लोकरीनं मोठी सैल टोपी विणायची आणि गरम पाण्यात तुडवून ती घट्ट, जाजमासारखी करायची. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून अशा टोप्या मिळाल्या आहेत. ही टोपी विणणाऱ्यांचा धंदा टिकावा म्हणून इंग्लंडनं १५७१ मध्ये कायदा केला: सहा वर्षांवरच्या प्रत्येकानं रविवारी आणि सणासुदीला देशी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. उमराव मात्र सुटले होते. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. फॅशन त्याच्या पुढे निघून गेली होती. रंगमंचावर याचा अर्थ सोपा आहे. सपाट लोकरी टोपी हा कामकरी, व्यापारी माणसाचा वेश, तर मखमली टोपी आणि तुरा दरबाऱ्याचा. सगळ्यांना पिसं लावली की कोण कोणाचा चाकर हेच कळत नाही.

कापडाच्या बाबतीत रायपूर नशीबवान आहे. पंडरीच्या कापड बाजारात अस्तर, कॅनव्हास, सुती मखमल सगळं एका फेरीत मिळतं. आणि चांपा जवळ आहे. तिथला कोसा म्हणजे टसर, थोडा खरखरीत, अंगचा ताठ, घडी घातली की घडी धरून ठेवणारा. त्याची चमक दबलेली असते. सॅटिन दिव्याखाली काचेसारखं झळकतं आणि पहिल्याच दृश्यात भाड्याच्या पोशाखाची जाहिरात करतं. कोशाची पगडी पाहिली की ती खरंच जुनी वाटते. पांढऱ्या टोपड्यांना मात्र तलम सुती मलमल वापरावी, लिननच्या किमतीत पाच टोपडी होतात.

अडचण हवामानाची. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि प्रेक्षागृहातले दिवे त्यात भर घालतात. बाजारातल्या बकरमला खळ असते. घामानं ती विरघळते आणि दुसऱ्या अंकापर्यंत पगडीचा कणाच मोडतो. म्हणून कपाळाच्या पट्टीत बकरम न घालता तीन पदरी कॅनव्हास घालावा आणि आत सुती पट्टी कच्च्या टाक्यांनी लावावी, म्हणजे ती दर प्रयोगानंतर उसवून धुता येते. टोपडं हेच काम करायचं, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. पॉलिस्टरचं अस्तर कधीही लावू नये. नट मनातल्या मनात शिव्या देतो आणि टोपी दर दोन वाक्यांनी वर ढकलतो. टोपी ढकलणारा नाना फडणवीस किंवा ‘हॅम्लेट’मधला राजा क्लॉडियस कुणालाच पटत नाही.

बस्तरच्या दंडामी माडियांचा गव्याच्या शिंगांचा मुकुट पाहिला की आतल्या सांगाड्याचं महत्त्व लख्ख कळतं. दोन जड शिंगं, पिसांचा झुपका, डोळ्यांपुढे कवड्यांच्या माळा, आणि हे सगळं डोक्यावर घेऊन तास न् तास नाच. ते पेलतं ते डोक्यावर नेमकं बसणाऱ्या आतल्या बांधणीवर. गर्दीच्या दृश्यातल्या शेतकऱ्यांना मात्र काही शिवून देऊ नये. छत्तीसगडी माणसाच्या हातात गमछा दिला की तो बोलता बोलता तो डोक्याला बांधतो, आणि तसा बांधलेला गमछा कोणत्याही शिंप्याला शिवता आलेला नाही.

प्रयोग संपले की पगड्या एकात एक रचू नयेत, आकार चेपतो. प्रत्येकीत जुन्या सुती साडीचा बोळा भरून, वर मलमल टाकून त्या कोरड्या पेटीत ठेवाव्यात, आणि आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. खळीच्या कापडाला पावसाळ्यात कसर लागते आणि बुरशीही चढते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये एखादा लख्ख उन्हाचा दिवस सापडला की पेटी उघडून सगळं दोन तास सावलीत वाऱ्यावर ठेवावं. आतल्या पट्टीवर शाईनं नटाचं नाव आणि घेराचं माप लिहिलेलं असावं. पुढच्या वर्षी गणपतीत तोच नट असेल, पण केस कापून आलेला असेल.